आस्कंदाला फुलं आली, मुळी आता काढू का?

गडहिंग्लजच्या पूर्वेकडच्या माळावर वीस गुंठे आस्कंद, म्हणजे अश्वगंधा, लावलेल्या एका तरुण शेतकऱ्यानं विचारलंय. पेरणी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातली. आता दिवाळी झाली, झाडं गुडघाभर वाढलीत आणि पानांच्या बेचक्यांत फुलं दिसायला लागलीत. माल घेणारा व्यापारी म्हणतो, "फुलावर आली की लगेच उपटा, नंतर मुळीतला कस फुलात जातो." शेजारचे काका म्हणतात, लाल फळं झाल्याशिवाय हात लावू नको. आणि एका व्हिडिओत सांगितलंय की फुलं खुडत राहा, म्हणजे कस मुळीतच थांबतो. तर मुळीतलं औषधी द्रव्य नेमकं कधी सर्वांत जास्त असतं?

उत्तर आधी देते, कारण व्यापारी दारात उभा असणार. आता काढू नका. फुलं खुडायच्या भानगडीतही पडू नका. खालची पानं पिवळी पडून गळू लागली आणि बरीचशी फळं लाल झाली की काढा. तुमच्या पेरणीच्या हिशेबानं तो मुहूर्त जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत येईल. काकांचं म्हणणं बरोबर आहे. पण व्यापारी अगदीच खोटं बोलतोय असंही नाही. त्याचं वाक्य दुसऱ्या पिकाला लागू पडतं, तो ते इथं चिकटवतोय.

मी आयुर्वेदिक औषधांच्या एका कारखान्यात चौदा वर्षं कच्चा माल तपासायचं काम केलं. आता दहाएक वर्षं कागल, आजरा, गडहिंग्लज भागातल्या शेतकऱ्यांबरोबर मुळ्यांची पिकं करते. दोन्ही बाजूंना बसल्यामुळे एक गोष्ट सतत दिसते. 'कस' हा शब्द प्रत्येक जण वेगळ्या अर्थानं वापरतो. शेतकऱ्याच्या लेखी कस म्हणजे वजन आणि मुळीचा भरीवपणा. व्यापाऱ्याच्या लेखी कस म्हणजे लॅबच्या कागदावरचा टक्का. कारखान्यातल्या केमिस्टला त्या टक्क्यात कोणतं द्रव्य किती, हे हवं असतं. फुलोरा आला की या तिन्ही गोष्टी बदलतात, पण एकाच दिशेनं बदलत नाहीत. म्हणून "सर्वांत जास्त कधी" याला एक तारीख सांगता येत नाही. काय जास्त, कशात मोजलं आणि पैसे कशाचे मिळणार, हे आधी ठरवावं लागतं.

व्यापाऱ्याचं वाक्य कुठून आलं ते बघू. मुळी ही झाडाची कणगी. वाढीच्या काळात पानांनी तयार केलेली साखर खाली येते आणि पिष्टाच्या, म्हणजे स्टार्चच्या, रूपात साठते. घरात लग्न निघालं की कणगी रिकामी व्हायला लागते, तसं फुलं आणि बिया धरताना हा साठा वर जातो. मुळा हे त्याचं सगळ्यात सरळ उदाहरण. दांडा वर आला, डिंगऱ्या धरायला लागल्या, की मुळा आतून पोकळ आणि दोरीसारखा होतो. त्या वेळी आपण डिंगऱ्यांची भाजी करतो, मुळा जनावरापुढं टाकतो. आपल्याकडं तर उसाचं उदाहरण पोराटोरांनाही माहीत आहे. तुरा आल्यावर महिना-दीड महिना फारसं बिघडत नाही, पण तोड त्यापुढं लांबली की ऊस पोकळ पडतो, दशी धरतो आणि साखर उतारा घसरतो. ऊस हे खोड आहे, मूळ नाही, पण साठा फुलापायी खर्च होतो हे तत्त्व तेच.

गोष्ट साठ्याची आहे तोवर व्यापाऱ्याचं बरोबर. चुकतं ते पुढं. आस्कंदाचं औषधी द्रव्य म्हणजे विथॅनोलाइड, आणि ते कणगीतलं धान्य नाही. ती स्टेरॉइड गटातली संयुगं आहेत, झाडानं किडीपासून आणि बुरशीपासून बचावासाठी बनवलेली. राखणीचा कुत्राच म्हणा. लग्न निघालं म्हणून कुणी राखणीचा कुत्रा शिजवत नाही. फूल उमलवायला झाडाला साखर, नत्र, स्फुरद लागतं, विथॅनोलाइड लागत नाही. शिवाय मुळीतली विथॅनोलाइडं बरीचशी मुळीतच तयार होतात आणि पानांतली पानांत. म्हणून दोन्हीकडचा मसाला वेगळा असतो. विथाफेरिन-ए मुख्यतः पानांत सापडतं, तर विथॅनोलाइड-ए मुख्यतः मुळीत. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतल्यासारखं "मुळीतलं फुलात गेलं" असं इथं होत नाही.

मग फुलोऱ्यानंतर कागदावरचा टक्का कधीकधी कमी दिसतो, तो का? तांबड्या रश्श्यात पाणी वाढवलं तर तो कमी तिखट लागतो. मिरची कुठं पळून गेलेली नसते. कोवळ्या मुळीत स्टार्च फारसा भरलेला नसतो, म्हणून शंभर ग्रॅममागं औषधी द्रव्याचा वाटा मोठा दिसतो. पुढं मुळी जाड होते, स्टार्च भरतो, द्रव्यही वाढतं, पण स्टार्चच्या वेगानं नाही. टक्का उतरतो आणि एकूण माल वाढतो. समजा आज एका झाडाची वाळलेली मुळी ४ ग्रॅम भरली आणि द्रव्य ०.५ टक्के निघालं, तर झाडामागं २० मिलिग्रॅम. फेब्रुवारीत तीच मुळी १० ग्रॅम आणि ०.४ टक्के धरली, तर ४० मिलिग्रॅम. हे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, तुमच्या शेतात वेगळे निघतील. पण टक्का खाली आणि माल दुप्पट, हे एकाच वेळी होऊ शकतं एवढं ध्यानात ठेवा. व्यापाऱ्यानं आज दर टक्क्यावर सांगितला असेल, तर वीस गुंठ्यांचं वजन त्याला विचारून बघा. तो गप्प होईल.

आता खरी गुंतागुंत, आणि ती आस्कंदाच्या स्वभावात आहे. मुळा किंवा ऊस एकदाच फुलतो आणि संपतो. आस्कंद तसा नाही. एखाद्या फांदीकडं नीट बघा. शेंड्याला कोवळी पानं, त्याखालच्या बेचक्यात हिरवट-पिवळी बारीक फुलं, त्याच्याखाली चिरपोटीसारख्या पातळ कागदी कवचात हिरवी फळं, आणि बुडाकडं, अजून दोन महिन्यांनी, तीच फळं लालबुंद. एकाच झाडावर एकाच दिवशी सगळ्या अवस्था. मग "फुलोऱ्याची अवस्था" म्हणायचं कशाला? पुस्तकात कळी, पूर्ण फुलोरा, फळधारणा, पक्वता असे चार रकाने असतात. शेतात आस्कंद त्या चारही रकान्यांत एकदम पाय ठेवून उभा असतो. त्यामुळं फुलं दिसली म्हणजे मुळीत काहीतरी एका रात्रीत पालटलं असं होत नाही. झाड वर थोडं देतं, खाली थोडं साठवतं, आणि पानं हिरवी आहेत तोवर खालची भरती चालू राहते. म्हणून मी फुलांकडं बघून ठरवत नाही, पानांकडं बघते. पानं पिकून गळायला लागली की भरती थांबली.

चरकानंही कल्पस्थानात मुळं कधी काढावीत हे सांगताना फुलांचं नाव घेतलेलं नाही. ग्रीष्मात किंवा शिशिरात, पिकलेली पानं गळून गेल्यावर मुळं घ्यावीत, असा त्याचा नियम आहे. आपला जानेवारीअखेर-फेब्रुवारी हा शिशिरच. कारखान्यात असताना मला हा निव्वळ परंपरेचा भाग वाटायचा. शेतात आल्यावर कळलं, हे कुणीतरी नीट बघून लिहिलंय.

फुलं खुडायचा सल्ला कुठून आला तेही सांगते. तो सर्पगंधेचा, म्हणजे दुसऱ्याच एका औषधी मुळीच्या पिकाचा, आहे. सर्पगंधेत फुलं खुडली तर मुळी पोसते, आणि तशी शिफारसही आहे, कारण तिथं झुपक्यानं फुलं येतात, दिसतात, खुडता येतात, आणि पीक दीड वर्ष शेतात राहतं. तिची मुळी साधारण अठरा महिन्यांनी, डिसेंबरात पानं झडलेली असताना काढतात, तेव्हा अल्कलॉइड, म्हणजे तिची औषधी द्रव्यं, भरपूर असतात. त्यातले नव्वद टक्क्यांच्या आसपास एकट्या सालीत, म्हणून काढताना साल सोलवटू नये ही खरी काळजी. आस्कंदाच्या वीस गुंठ्यांत बेचक्या-बेचक्यांतलं ज्वारीच्या दाण्याएवढं फूल खुडायला किती बायका लावणार? मजुरीतच पीक जाईल. शिवाय लाल फळांतलं बी पुढच्या पेरणीला लागतंच.

प्रत्येक मुळीचा हिशेब असा वेगळा. शतावरी बहुवर्षायू, तिला दरवर्षी पावसाळ्यानंतर फुलं येतात म्हणून कुणी घाबरत नाही, दीड-दोन वर्षांनी वरचा पाला पिवळा पडला की मुळ्या काढतात. सफेद मुसळी पानं गळून गेल्यावरही जमिनीतच राहू देतात, साल गडद होईपर्यंत. आलं ओलं विकायचं तर सहा महिन्यांपासून चालतं, सुंठ करायची तर आठ महिने लागतात, कारण तोवर धागा आणि कोरडा भाग वाढतो. मुसळीचं नाव निघालंच म्हणून सांगते. २००० सालाच्या मागंपुढं तिची लाट आली होती, तेव्हा "परत खरेदीची हमी" देणाऱ्यांनी बेणं सोन्याच्या भावानं विकलं. आमच्या पाहुण्यांपैकी एकांनी विहिरीसाठी ठेवलेले पैसे त्यात घातले. काढणीच्या वेळी हमी देणाऱ्याचा फोन लागला नाही. तेव्हापासून कुणी मला "आत्ताच काढा, आत्ताच घ्या" म्हणालं की मी आधी चहा मागवते.

फुलोऱ्यात जमिनीखाली काय चालतं ते डोळ्यांनी बघायचं असेल तर आस्कंदापेक्षा सोयाबीन बरं. पुढच्या खरिपात, फुलं येऊन बारीक शेंगा धरायला लागल्या की एक झाड मातीसकट अलगद काढा आणि मुळावरची गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल दिसेल. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊबंद. गाठ नत्र बांधतेय याची खूण. दाणा भरत आला की तशीच गाठ पुन्हा फोडा. आत हिरवट, तपकिरी, मऊ झालेली असेल. पानांची साखर शेंगेकडं वळली आणि गाठी उपाशी पडल्या. जमिनीत झिरपणारा मुळाचा रसही वयाबरोबर बदलतो. कोवळं मूळ साखर जास्त सोडतं. झाड फुलाकडं झुकलं की साखर कमी आणि अमिनो आम्लं, फिनॉल जास्त. त्यामुळं मुळाभोवतीचे जिवाणूही बदलतात. फुलोऱ्यात मुळाचं रसायन बदलत नाही, असं मी म्हणतच नाही. बदलतं. पण साठा बदलणं आणि औषधी द्रव्य बदलणं या दोन गोष्टींची सरमिसळ करू नका.

आता लॅबच्या कागदाबद्दल, कारण तुमचा व्यापार त्यावर ठरणार आहे. इथं मी स्वतः फसलेय. पहिल्या वर्षी एका गटाचा माल मी दोन ठिकाणी तपासायला दिला. एका कागदावरचा आकडा दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त. शेतकरी माझ्याकडं बघायला लागले, मी लॅबकडं. नंतर कळलं, एकांनी 'एकूण विथॅनोलाइड' जुन्या वजनाच्या पद्धतीनं काढले होते, ज्यात आणखीही बरंच काही वजनात येतं. दुसऱ्यांनी एचपीएलसीवर, म्हणजे एकेक द्रव्य वेगळं करून मोजणाऱ्या यंत्रावर, ठरावीक दोन-तीन द्रव्यंच मोजली होती. दोघंही आपापल्या जागी बरोबर. चूक माझी होती. शिवाय एका पोत्यात बारीक मुळ्या जास्त होत्या आणि दुसऱ्यात जाड, त्यामुळं नमुनाही सारखा नव्हता. तेव्हा दर ठरवताना दोन गोष्टी लिहून घ्या: कोणतं द्रव्य मोजणार, आणि कोणत्या पद्धतीनं. आणि कुणी भुकटीत विथाफेरिन-ए अवाजवी जास्त दाखवत असेल तर त्यात पाला मिसळल्याचा संशय घ्या. आयुष मंत्रालयानं २०२१ मध्ये उत्पादकांना आस्कंदाची पानं वापरू नका, मुळीच वापरा, असं बजावलं ते उगाच नाही.

कागद येईपर्यंत शेतात काय बघायचं? आजऱ्याजवळच्या एका आजोबांनी मला पहिल्याच भेटीत सुनावलं होतं, "बाई, कागद मागनं बघा, आदी मुळी मोडून बघा." तेच तुम्हाला सांगते. दर पंधरा दिवसांनी शेताच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली पाच झाडं काढा. कडेची नको, कडेच्या झाडाला जागा जास्त मिळते, त्यामुळं ती फसवतात. मुळी धुवा, दोन दिवस सावलीत सुकवा आणि मोडा. 'कट्' असा आवाज येऊन मोडली आणि आत पांढरंशुभ्र, खडूसारखं दिसलं तर भरलीय. वाकली, धागे निघाले, तर एक तर कोवळी आहे किंवा जून होऊन लाकूड झालीय. कोवळी आणि जून यांतला फरक जाडीवरून लगेच कळतो.

दुसरी परीक्षा औषधाच्या दुकानातली. टिंक्चर आयोडीनची छोटी बाटली आणा, ताज्या मुळीची चकती कापा आणि वर एक थेंब टाका. आज टाकलात तर चकती मधूनमधून निळी होईल, बाकी थेंबाचा तपकिरी रंग तसाच राहील. फळं लाल व्हायच्या सुमाराला टाकलात तर पाहता पाहता सगळी चकती निळी-काळी पडेल. हा स्टार्चचा पुरावा, औषधी द्रव्याचा नाही, हे विसरू नका. पण मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरच्या बाजारात, जिथं या पिकाची खरी उलाढाल होते, दर ठरतो तो याच भरीवपणावर. तिथला पहिल्या प्रतीचा तुकडा सुमारे ७ सेंटिमीटर लांब, एक ते दीड सेंटिमीटर जाड, आतून पांढरा आणि ठिसूळ असतो. तसा माल फुलोऱ्यात उपटलेल्या झाडातून निघत नाही.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही बोलू. तुमचा माळ मुरमाड आणि उताराचा आहे, ही चांगली गोष्ट. हेच पीक पंचगंगाकाठच्या काळ्या रानात असतं तर मी वेगळं बोलले असते. तिथं पाणी साचून मुळी कुजते, आणि कुजण्यापेक्षा लवकर काढलेली बरी. शिरोळ आणि गगनबावडा एकाच जिल्ह्यात असले तरी पावसाचा काही ताळमेळ नाही, म्हणून तिकडच्या कुणाची तारीख तुमच्या शेताला लावू नका. जातही बघा. जवाहर असगंध-२० आणि पोषिता यांची मुळी सारखी भरत नाही. आणि ऊसवाल्या हाताला पाणी सोडल्याशिवाय चैन पडत नाही, तो हात आवरा. आस्कंदाला जादा पाणी आणि युरिया दिलात की वरचा पाला माजतो आणि मुळी धाग्याची होते. मग कोणतीही अवस्था निवडली तरी उपयोग नाही.

खरी भीती अवकाळीची. पानं पिवळी पडायला लागली आणि त्यावर एक बरा पाऊस झाला, की झाडाला पुन्हा पालवी फुटते. ती पालवी मुळीतल्या साठ्यावर फुटते. अशा वेळी आठ दिवसांनी मोडलेली मुळी मला नेहमी मऊ लागलीय. तेव्हा घाईनं काढू नका, नवी पानं जून होऊन साठा परत भरेपर्यंत तीन-चार आठवडे कळ सोसा. उलट, पानं गळून फळं लाल झाल्यावर नुसतं आळसानं मार्चअखेरपर्यंत ठेवलंत, तर मुळी लाकडासारखी होते आणि दर पडतो. थांबणं आणि विसरणं यात फरक आहे.

काढणीच्या दोन दिवस आधी हलकं पाणी द्या, म्हणजे जमीन भुसभुशीत होईल आणि मुळी शेंड्यापर्यंत अखंड येईल. कुदळीनं एका बाजूनं उकरा, ओढू नका. देठाचा बुंधा एक-दोन सेंटिमीटर ठेवून वरचं कापा. माती झटका, बारीक मुळ्या वेगळ्या बांधा, त्यांना वेगळा दर मिळतो. तुकडे करून ताडपत्रीवर पसरा आणि रात्री झाका, फेब्रुवारीतही माळावर दव पडतं. आणि त्या व्यापाऱ्याला सांगा, फेब्रुवारीत या, येताना काटा घेऊन या.